कोकणातून इस्रायलला आलेल्या आजी-आजोबांचा वारसा: मलिदा, कागदपत्रं आणि ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’

नवगावची_नात

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी-आजोबा १९६० च्या दशकात कुलाबा जिल्ह्यातून (आताचा रायगड) इस्रायलमधल्या लोदला आले. आमची तिसरी पिढी इथल्याच शाळांत शिकली. घरात मराठी बोलतो, वाचताना अडखळतो, आणि प्रार्थना सगळ्या शाळेतल्या सेफार्दी (स्पेन-मध्यपूर्वेकडच्या ज्यूंच्या) वळणाच्या.

पुढच्या महिन्यात नव्या घराचा मलिदा (एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोह्या-फळांचं ताट लावून केलेलं पठण) आहे. आजवर ताट आजी लावायची, आता तिच्याच्याने होत नाही. प्रमाण विचारलं तर ‘अंदाजाने’ म्हणते, आणि तो अंदाज आमच्यापैकी कोणाच्याच हातात नाही. तेव्हा कोणी नीट प्रमाण आणि क्रम सांगेल का?

आमच्या वस्तीतले रब्बाय (ज्यू धर्मगुरू) भले गृहस्थ आहेत, पण ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’ असं विचारतात. भांडायचं नाही, धड उत्तर द्यायचंय. आजीच्या कुठल्या गोष्टी धर्माच्या आणि कुठल्या निव्वळ कोकणातल्या, हे आम्हालाही सांगता येत नाही.

तिसरं म्हणजे कागद. काका-काकूंचं लग्न ठाण्यात झालं होतं. त्यांच्या मुलीला इथे लग्न नोंदवायचंय, तर रब्बानुतने (लग्नं नोंदवणाऱ्या ज्यू धर्मसंस्थेने) आईकडचे पुरावे मागितले आहेत. कुठून सुरुवात करायची?

आणि आजीकडून आत्ताच काय काय रेकॉर्ड करून घ्यावं?

---

जुना_हजान

मलिद्याचं आधी सांगतो, तारीख थांबणार नाही.

दहा-बारा माणसांना अर्धा किलो जाडे पोहे. पातळ अजिबात आणू नका, साखर पडली की त्यांचा लगदा होतो. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा धुवायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. पंधरा मिनिटं झाकून ठेवा, मग एक दाणा चिमटीत दाबून बघा. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारून आणखी पाच मिनिटं. दोन ओले नारळ खवून, साखर पाव किलो (गोड खाणारी मंडळी असतील तर तीनशे ग्रॅम), आठ-दहा वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ, बदाम-पिस्ते-मनुका मिळून वाटीभर. काही घरांत साखरेऐवजी गूळ घालतात. तो किसून घ्या, खडे राहिले तर जागोजागी पाणी सोडतात.

साखर सगळ्यात शेवटी. पोहे, खोबरं, वेलची कालवून ठेवलं तर तासभर काही होत नाही, पण साखर पडली की अर्ध्या तासात ताटाच्या कडेला पाणी दिसायला लागतं. पाहुणे बसायला लागले की साखर घालायची.

इस्रायलमध्ये ओला नारळ चांगला निघेलच असं नाही. गोठवलेला खोवलेला नारळ घेत असाल तर रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि कालवायच्या आधी मुठीत हलका पिळून घ्या, नाहीतर ते पाणी पोह्यात उतरतं. बेकरीचा सुका कीस वापरायची वेळ आली तर कोमट पाणी शिंपडून वीस मिनिटं फुगू द्या. चव येत नाही, पण घशाला निदान चिकटत नाही.

दूध नको, तूप नको. मलिद्यानंतर पंगतीला मटण असतं, आणि दूध-मांस एकत्र चालत नाही. आपल्या स्वयंपाकात नारळाचं दूध एवढं का, त्याचं हेच कारण. हल्ली ‘मऊ होतात’ म्हणून दुधात पोहे भिजवायची कल्पना कुठूनतरी आली आहे. तिला घरात थारा देऊ नका.

ताट: मधे पोह्यांचा ढीग, भोवती फळं. पाच प्रकार बहुतेक ठिकाणी, काही घरांत सात. खजूर हवाच, केळं हवंच, बाकी सफरचंद, संत्रं, डाळिंब, द्राक्षं जे मिळेल ते. सुवासासाठी सब्जाची डहाळी, ती नसेल तर गुलाब. काही घरं कलेजीही ठेवतात. ठेवणार असाल तर ती मीठ लावून उघड्या आचेवर भाजलेली हवी. कलेजीत रक्त जास्त, म्हणून नुसती तव्यावर परतलेली चालत नाही.

पठणाला दहा पुरुष जमले तर उत्तम. ‘एलियाहू हन्नाबी’चा पियुत (भक्तिगीत) सगळ्यांनी मिळून, शेमा (‘ऐक, हे इस्रायल’ ही प्रार्थना), मग उत्पत्तीच्या २७ व्या अध्यायातले ‘वेयित्तेन लेखा’चे आशीर्वाद. त्यानंतर ब्राखा (खाण्याआधीची आशीर्वचनं): सुवासाची वेगळी, खजूर-सफरचंदासारख्या झाडाच्या फळाची ‘हाएत्झ’, केळ्याची ‘हाअदामा’, पोह्यांची ‘मेझोनोत’, कलेजी असेल तर ‘शेहाकोल’. क्रम घराघरात थोडा बदलतो, तो आजीला विचारा आणि तिचाच ठेवा. सब्जाच्या ब्राखेवरून दरवेळी कोणीतरी वाद काढतं: खोड लाकडी असेल तर एक, कोवळी डहाळी असेल तर दुसरी. ‘मिने बेसामीम’ म्हटलं की वाद संपतो.

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे पाचही ब्राखा सलग म्हणून मग ताट फिरवायला घेणं. ब्राखा म्हटली की ती ज्या वस्तूची तिचा घास लगेच तोंडात जायला हवा, मधे गप्पा नकोत. वीस माणसं असतील तर आधीच द्रोणांत वाढून प्रत्येकाच्या हातात द्या. ‘पुढे पास करा’ म्हणत राहिलात तर शेवटच्या माणसापर्यंत ब्राखा विरून जाते.

वेळ शनिवारी रात्री ठेवताय का? सोयीची आहे, पण शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, विश्रांतीचा दिवस) संध्याकाळनंतरची तयारीही करायची नसते. नारळ शुक्रवारीच खवून ठेवा, पोहे शब्बाथ सुटल्यावरच धुवायचे. उन्हाळ्यात शब्बाथ रात्री आठनंतर सुटतो, म्हणजे पाहुण्यांना साडेनऊच्या आत बोलावू नका.

---

रास्ता_पेठ

हजानसाहेबांनी एक गोष्ट सोडली. कोकणातल्या आजीला ती कधी करावीच लागली नव्हती, म्हणून सहज राहून जाते. इस्रायलमध्ये पिकलेल्या फळांना तेरुमा-मासेर लागतं, म्हणजे दशमांश बाजूला काढणं. काश्रुतचा (धर्माप्रमाणे खायला चालतं असा) दाखला असलेल्या दुकानातून घेतली तर ते आधीच झालेलं असतं. बाजारातल्या सुट्या गाड्यावरून किंवा कोणाच्या परसातून आणली तर घरी काढावं लागतं. दर सातव्या वर्षी श्मिता (जमीन पडीक ठेवायचं वर्ष) येते, मागची २०२१-२२ ला झाली, पुढची २०२८-२९ ला. त्या वर्षी फळांचे नियम आणखी वेगळे. आणि प्रत्येक खजूर उभा चिरून आत बघायचा, किडा निघाला तर तो खजूर खायचा नाही.

आता रब्बायांच्या प्रश्नाकडे येतो.

‘पुस्तकात नाही’ हे पहिल्यांदा तपासून घेऊ. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमाराला लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला, आणि त्यात मलिद्याची नोंद आहे. म्हणजे ही रीत आजीच्या स्वयंपाकघरात उगवलेली नाही. रब्बायांना अर्थात हे पुस्तक अभिप्रेत नसतं, त्यांना हलाखाचं, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचं, पुस्तक हवं असतं. तिथे उत्तर असं: मलिद्यात नवीन ब्राखा एकही नाही, नवी प्रार्थना नाही, ताटातली प्रत्येक वस्तू कोशेर (धर्माप्रमाणे खायला चालणारी) आहे आणि नवस एलियाहूच्या नावाने बोलला तरी विनवणी देवालाच. बाकी उरतो तो मिनहाग, समाजाची रीत. मोरोक्कोच्या ज्यूंची मिमुना (त्यांचा मेजवानीचा सण) शेजारच्या घरात चालते, मग पोह्यांनी काय घोडं मारलंय?

समाजातले जाणकार याचा धागा तोरातल्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या, लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातल्या मिनहा अर्पणाशी, म्हणजे मंदिरातल्या पीठ-तेल-धुपाच्या अर्पणाशी जोडतात. जोडावा. पण कोकणी मुसलमानांकडे पिराच्या उरुसाला मलिदाच असतो आणि शेजारच्या हिंदू घरात सत्यनारायणाचा प्रसाद, हेही लपवू नये. रब्बायांना ते कुठूनतरी कळणारच. तुम्ही आधी सांगितलंत तर बोलणं सरळ राहतं.

धर्म कुठला आणि कोकण कुठलं, याला एक कसोटी सांगतो. आजीची सवय घ्या आणि विचारा: हीच गोष्ट बगदादी किंवा कोचीनच्या ज्यू घरात होते का? शेजारच्या आगरी-कोळी घरात होते का? आजी कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी घरात येऊ देत नाही, हे पहिल्या खान्यातलं. ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही असतील तोच चालतो. दंतकथा अशी की बाहेरून आलेल्या डेव्हिड राहाबी या ज्यूने आपल्या समाजातल्या बायकांसमोर मासळीची टोपली ठेवली, त्यांनी खवल्याची तेवढी निवडली, आणि त्यावरून त्याने ओळखलं की हे ज्यूच. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शहापूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी नेमलं असं सांगतात. आता दुसरं उदाहरण: आजी बीफ खात नाही. कोशेर बीफ मिळत असूनही नाही. हे दुसऱ्या खान्यातलं, हिंदू गावात पिढ्यानपिढ्या राहिल्याचं. धर्म त्याला आड येत नाही आणि सक्तीही करत नाही. नातवंडांनी ‘आजी, तोरात तर चालतं’ म्हणून तिला ताटात वाढू नये, एवढं पुरे.

काही गोष्टी दोन्ही खान्यांत बसतात आणि तिथे घोळ होतो. वालाच्या बिरड्याचं घ्या. बिरडं सगळं कोकण खातं. पण तिशा बेआवला, मंदिर पडल्याच्या शोकाशी जोडून ते केलं की तो ‘बिरड्याचा सण’, आणि तो फक्त आपला. तसंच शनिवारी घाणा बंद ठेवणं: तेल गाळणं हा कोकणातला धंदा, पण त्या बंद दिवसामुळे गावाने नाव पाडलं ‘शनवार तेली’. लग्नातली हिरवी काकणं आणि मंगळसूत्र महाराष्ट्राचं, पण नवरी आत येताना नवऱ्याने ‘योनाती झिव’ हे हिब्रू गीत गाणं आपलं.

रब्बानुतचं नाव निघालंच आहे तर थोडा इतिहास, कारण आजी-आजोबांच्या पिढीचा राग त्याशिवाय कळत नाही. १९६२ मध्ये मुख्य रब्बानुतने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना काढली: बेने इस्रायलचं लग्न लावताना आईकडची पिढी जमेल तितकी मागे जाऊन तपासा, आजी-आजोबांपर्यंतच्या लग्नांचं आणि घटस्फोटांचं बघा. शंका अशी की कोकणात गेट, म्हणजे धार्मिक घटस्फोट, रीतसर होत होते का. ‘आम्ही शतकानुशतकं शेमा म्हणत आलो, आणि आता तुम्ही आमच्या आज्यांची चौकशी करणार?’ असा संताप उसळला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं झालं, १७ ऑगस्टला क्नेसेतने (इस्रायलच्या संसदेने) बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं, आणि मग रब्बानुतने सूचनेतून समाजाचं नाव काढलं. त्या पिढीतली काही माणसं आजही केतुबा (लग्नाचा धार्मिक करार) फ्रेम करून भिंतीवर लावतात, तो शोभेसाठी नव्हे.

---

मोडी_वाचक

कागदांबद्दल.

पहिलं: भारतात पत्र धाडायच्या आधी आजीच्या कपाटातली पिशवी उपसा. तेउदात ओले (स्थलांतरिताचा दाखला), भारतीय पासपोर्ट, लग्नाचे फोटो (मागे बहुधा सिनेगॉगचं नाव आणि तारीख असते), शाळा सोडल्याचा दाखला. यातून तीन गोष्टी हाती लागतात: गाव, तालुका, अंदाजे साल. या तिन्ही नसतील तर कोणतंही कार्यालय काही शोधून देऊ शकत नाही.

दुसरं, नावांचा तक्ता करा, यावाचून पुढे जाऊ नका. एकाच माणसाची किमान तीन नावं असतात. गावातलं मराठी वळणाचं (सामाजी, हसाजी, अबाजी, मुसाजी), इंग्रजी कागदावरचं (सॅम्युएल, इझिकिएल, अब्राहम, मोझेस) आणि हिब्रू (श्मुएल, येहेझ्केल, अव्राहाम, मोशे). मुंबईचं पहिलं बेने इस्रायल सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, मराठीत सामाजी हसाजी दिवेकर, हे एकच गृहस्थ. त्यात मुंबईला गेल्यावर पुष्कळांनी पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर हे आडनाव गाळून आजोबांचं नावच आडनाव म्हणून लावलं. शिवाय बायकांचं सासरी गेल्यावर बदललेलं नाव. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक नावाला एक रकाना आणि ‘हे नाव कुठल्या कागदावर पाहिलं’ याला एक.

आता भारतातल्या नोंदी. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गावोगाव कोतवाल बुकात असत, महसुली भाषेत गाव नमुना १४. तालुक्याच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा आणि प्रमाणित नक्कल मागायची. एकच तारीख देऊ नका, आगेमागे पाच वर्षं द्या. आजोबांच्या पिढीला जन्मतारीख ‘अमुक सणाच्या आसपास’ एवढीच ठाऊक असते, आणि शाळेत मास्तरांनी लिहिली ती खरी धरली गेली. जातीच्या रकान्यात इस्रायल, यहुदी, ज्यू, तेली असं काहीही असू शकतं, म्हणून जातीवरून नव्हे, बापाच्या नावावरून शोधायला सांगा. मजकूर मोडीत निघाला तर घाबरू नका. मोडी वाचून लिप्यंतर करून देणारे जाणकार आहेत, पण सरकारी कामाला अधिकृत लिप्यंतरकाराचाच सही-शिक्का लागतो.

शाळांची जनरल रजिस्टरं फार कामाची. धर्म, जन्मगाव, आधीची शाळा सगळं एका ओळीत. मुंबईत शिकले असतील तर माझगावच्या सर एली कदूरी शाळेचा विचार करा, १८७५ ला केहिमकर बंधूंनी ‘इस्रायली शाळा’ म्हणून सुरू केलेली तीच.

सिनेगॉगची लग्नाची रजिस्टरं हा खरा आधार. काका-काकूंचं लग्न ठाण्यातलं, म्हणजे बहुधा शाआर हाशामाईम, १८७९ चं. तिथल्या विश्वस्तांना लिहा: वधू-वरांची पूर्ण नावं, दोघांच्या वडिलांची नावं, साल, आणि रजिस्टरच्या त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत हवी असं स्पष्ट. नुसतं ‘हे आमच्या समाजाचे आहेत’ एवढंच पत्र आणलं तर दुसरी फेरी पडते.

आता अडचण. आपले सगळे कागद बापाच्या नावाने चालतात आणि रब्बानुत विचारतं आईचं. केतुबात नवरीच्या वडिलांचं नाव असतं, आईचं नसतं. जुन्या कोतवाल नोंदीतही पुष्कळदा नुसतं बापाचं. मग साखळी जोडावी लागते: मुलीच्या जन्मदाखल्यावरून आई, आईच्या केतुबावरून तिचे वडील, त्या वडिलांच्या केतुबावरून त्यांची बायको, म्हणजे मुलीची आजी. प्रत्येक कडीला एक कागद, आणि आईच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर आजीचं नाव सापडलं तर साखळी पक्की. एखादी कडी नसेल तिथे थडगं उपयोगी पडतं. दफनभूमीतल्या दगडांवर पुष्कळदा हिब्रू आणि मराठी किंवा इंग्रजी दोन्ही असतं.

दगडावरचं हिब्रू साल अक्षरांत असतं आणि हजारांचा आकडा बहुधा गाळलेला. ताव म्हणजे ४००, शिन ३००, काफ २०, गिमेल ३, बेरीज ७२३. त्यात ५००० मिळवून ५७२३. यातून ३७६० वजा केले की १९६३. पण महिना तिश्री (ज्यू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला) ते डिसेंबरच्या अखेरपर्यंतचा असेल तर ३७६१ वजा, म्हणजे १९६२. या एका वर्षाच्या फरकाने मृत्युदाखला सापडत नाही आणि लोक म्हणतात ‘नोंदच नाही’. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढा, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका.

भारतातला कागद इस्रायलला चालायला अपोस्टिल (परदेशात मानला जाणारा प्रमाणशिक्का) लागतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे. आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, मग भाषांतर. मराठी कागदाचं भाषांतर नावांच्या तक्त्याशी जुळवून घ्या. भाषांतरकाराने ‘हसाजी’चं हिब्रूत ‘हसाजी’च केलं आणि दुसऱ्या कागदावर ‘येहेझ्केल’ असलं, तर तुमचे आजोबा दोन माणसं होतात.

---

पेण_ते_बेअरशेबा

वरच्या सगळ्याला +१, फक्त दोन ठिकाणी सावध करतो.

‘-कर’ आडनाव हा ज्यू असण्याचा पुरावा नाही. दिवेकर, पेणकर, नागावकर हिंदूंतही आहेत. गाव कळायला उपयोग, पुढे नाही.

आणि डीएनए चाचणीच्या नादी लागू नका. घरगुती चाचण्यांतला ‘ज्यू’ रकाना मुख्यतः अश्केनाझी (युरोपातल्या ज्यूंच्या) नमुन्यांवर बेतलेला असतो. बेने इस्रायल माणसाचा निकाल बहुतांशी दक्षिण आशिया असा येतो आणि घरात नसती रडारड होते. संशोधकांनी केलेल्या जनुकीय अभ्यासांत या समाजात मध्यपूर्वेकडचा आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसलेत, पण ते पूर्ण गटाच्या पातळीवर आणि वेगळ्या पद्धतीने. शिवाय इस्रायलमध्ये २००० च्या जनुकीय माहिती कायद्यामुळे वंशावळीसाठीची चाचणी न्यायालयाच्या आदेशाशिवाय करता येत नाही.

आणखी एक. परतीच्या कायद्यात (१९५०, १९७० ची दुरुस्ती) आजी किंवा आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी नातवाला येऊन नागरिक होता येतं. लग्नाची नोंद वेगळी, तिथे हलाखा, म्हणजे आई. भारतातल्या चुलत-मावस भावंडांना हे दोन वेगळे दरवाजे आहेत हे आधीच समजावून सांगा. एकातून आत आल्यावर दुसरा आपोआप उघडत नाही, आणि इथे आल्यावर कळलं की फार लागतं.

---

चिकाचा_हलवा

आजीच्या रेकॉर्डिंगबद्दल. मुलाखत घेतल्यासारखं बसू नका. ‘आजी, तुझं बालपण सांग’ म्हटलं की तीच चार वाक्यं येतात जी प्रत्येक सणाला येतात. तिच्या हातात वस्तू द्या. पिठाची चाळणी, जुना फोटो, शुक्रवारच्या दिव्याचा काचेचा पेला. पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात. किती पाणी, तेल कोणतं, वात कशाची, कोण लावायचं, लावताना तोंडाने काय म्हणायचं, घरात सुतक असलं तर काय? असे प्रश्न विचारले की ती बोलत राहते.

फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोन छातीपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. टेबलावर ठेवलात तर बांगड्यांचा आवाज सगळं खातो. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुष्कळ. बोलणं मराठीतच होऊ द्या, मधेच कोणी ‘हिब्रूत सांग ना’ म्हणायचं नाही. भाषांतर नंतर होतं. फाइलला लगेच नाव द्या: तारीख, कोण, विषय. ‘आजी नवीन २’ नावाच्या अकरा फायली घराघरात पडल्या आहेत.

गाणी आधी घ्या. चाल सांगता येत नाही, ऐकवावीच लागते. ‘एलियाहू हन्नाबी’ सगळी कडवी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबवता. चुकली तरी मधे टोकू नका, नंतर दुसऱ्यांदा म्हणायला सांगा आणि दोन्ही ठेवा. लग्नाची, मेंदीची, पाळण्याची मराठी गाणी वेगळी. आजीला कीर्तनाच्या ओळी आठवत असतील तर तेही. शास्त्रातल्या कथांवर मराठी कीर्तनं करण्याची समाजात एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा आहे, आणि ती ऐकलेली माणसं आता थोडी उरली. घरच्या फायलींची एक प्रत जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ध्वनिसंग्रहाला देता येते का ते विचारा.

पाककृती तोंडी घेऊ नका, करतानाच मोजा. ‘मूठभर’ म्हटलं की आजीचीच मूठ भरून वजनकाट्यावर रिकामी करायची. नव्याच्या सणाचा (ज्यू नववर्षाचा) चिकाचा हलवा तर ऐकून कोणाला जमला नाही. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. वाटून, पिळून, दुहेरी फडक्यातून गाळायचं, रात्रभर निवू द्यायचं, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं, खाली राहतो तो चीक. मग नारळाच्या दुधात साखर घालून मंद आचेवर घोटत राहायचं, हात थांबला की गुठळी. ‘झालं’ कधी म्हणायचं ते आजी उलथन्याकडे बघून ठरवते, घड्याळाकडे नाही. गोळा कडा सोडतो आणि उलथन्यावरून एकसंध सरकतो, तो क्षण व्हिडिओत आला पाहिजे. म्हणून कॅमेरा पातेल्यावर ठेवा, आजीच्या चेहऱ्याचे फोटो तुमच्याकडे पुष्कळ असतील.

---

नवगावची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. आजीला ब्राखांचा क्रम विचारला, तिने एका दमात सांगितला, फळं आधी आणि पोहे शेवटी. ठाण्याला पत्र लिहायला घेतलंय.

दोन शंका राहिल्या. आजीने एलियाहूला काही नवस बोलला होता, तो फेडायला अलिबागला जावं लागेल का? आणि मलिदा पेसाहच्या (खमीर वर्ज्य असलेल्या सणाच्या) आठवड्यात आला तर पोहे चालतात का? नवऱ्याकडचे अश्केनाझी आहेत.

---

रास्ता_पेठ

अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) खडकावर एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा मानतात, कोकणातले लोक तिथे नवस फेडतात. इस्रायलमध्ये आलेल्यांनी त्यासाठी हैफाची एलियाहूची गुहा धरली, आणि पिढ्या झाल्या, तिथेच फेडतात. आजीने नवसात जागेचं नाव घेतलं होतं का, एवढं तिला विचारा. ‘टापावर येईन’ असं म्हटलं असेल तर नवसाचा शब्द धार्मिकदृष्ट्या बंधनकारक असतो. जाणं शक्य नसेल तर परस्पर जागा बदलू नका, रब्बायांकडे हतारात नेदारीम, म्हणजे नवसातून मोकळीक, मागा. हा विषय त्यांच्या पुस्तकात नक्की आहे.

---

जुना_हजान

बेने इस्रायल पेसाहला तांदूळ खातात, सेफार्दींतही पुष्कळ समाज खातात, अश्केनाझी खात नाहीत. तरी पोह्यांचं वेगळं आहे. तांदूळ घरी आणून पांढऱ्या कापडावर तीनदा निवडता येतो, गव्हाचा दाणा आला तर दिसतो. पोहे मात्र गिरणीत भिजवून, भाजून, चेपून येतात. त्याच गिरणीत त्याच पट्ट्यावर दुसरं धान्य चालत असेल तर निवडून काही उपयोग नाही. पेसाहचा दाखला असलेली पिशवी मिळाली तर घ्या. नाहीतर ताटात फक्त फळं, खजूर आणि खोबरं ठेवून पठण करा, आणि पोह्यांचा मलिदा पेसाह सुटल्यावर. सासरच्यांना जेवायला बोलावणार असाल तर दुसरा रस्ता अधिक बरा. त्यांना ताटातलं सगळं खाता येईल आणि कोणाला तोंड चुकवावं लागणार नाही.